शमीम आपा, एक प्रश्न विचारायचा राहिला

चितेगाव,
शुक्रवार

प्रिय शमीम आपा,

तुम्ही गेल्यानंतरचा चाळीसावा दिवस होऊन आज पंधरा दिवस झाले. त्या दिवशी शहागंजच्या तुमच्या घरात केवढी गर्दी होती बायकांची! तुमच्या भावजयीनं, भाभींनी सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ही संगीता, आपाची लाडकी. बोल ना गं काहीतरी आपाबद्दल." चार वर्षं फोनवर तुमचं डोकं खाणारी मी, त्या दिवशी समोरच्या ताटाकडं बघत गप्प बसले. घरी येईपर्यंत गाडीत पूर्वाचे पप्पा म्हणत होते, "काहीतरी बोलायचं होतं की." मलाही तेच वाटत होतं. म्हणून आज वही घेतलीय. तुम्ही उर्दू शाळेत शिकलात, पण मराठी पेपर माझ्यापेक्षा भरभर वाचायचात, तेव्हा माझं अक्षर तुम्हाला लागेलच.

आपली ओळख कशी झाली, आठवतं का? तुम्ही भेटायच्या आधी मला तुमचा निरोपच भेटला होता.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. घालता घालता मागं सरकत गेले, आणि कठडा तर नव्हताच, खाली पडले. मणक्याला मार बसला. कमरेखाली काही कळेनासं झालं. दवाखान्यातून घरी आले ती एका मोठ्या, जड व्हीलचेअरवर बसून. कुणाच्या तरी घरी पडून होती, ती आम्हाला मिळाली. खुर्चीलाही माप असतं हे आम्हाला कुठं माहीत होतं!

सात महिने मी दोन खोल्यांतच काढले. कपडे वाळत घालायलासुद्धा दारात गेले नाही, न जाणो कुणी बघेल. पूर्वा तेव्हा पहिलीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याजवळ यायची आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे. आज हे लिहायलाही लाज वाटते, पण तुम्हाला तर माहीतच आहे सगळं.

एक दिवस खुर्चीवरच्या गादीची खोळ फाटली. पूर्वाचे पप्पा ती घेऊन शहागंजला गेले. कुणीतरी तुमच्या गल्लीचं नाव सांगितलं होतं. संध्याकाळी गादी काखेत मारून तसेच परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती बाई म्हणती, गादीचं माप नाय घेत मी. बसणारीचं घेते. तिला घेऊन या म्हणाली."

"येडी आहे का ती?"

"येडी नाय," हे म्हणाले. "ती पण खुर्चीवरच आहे. पण लई बोलती."

दोन दिवस माझ्या डोक्यातून ते जाईना. खुर्चीवर बसून बाई टेलरिंगचं दुकान चालवते? तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चला. शेजाऱ्यांची व्हॅन घेतली. सात महिन्यांनी मी पैठण रोड बघितला, आपा! रस्त्याचं काम, धूळ, ट्रक, सगळं तसंच होतं. तरी मी काचेला नाक लावून बघत होते.

तुमच्या उंबऱ्याजागी सिमेंटचा उतार केलेला. तुम्ही आत मशीनवर. शिलाई मशीनचं पायडल टेबलावर ठेवून कोपरानं दाबत होतात. मला वाटलं, ही बाई आता माझ्याकडं बघून "अरेरे" म्हणेल. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. खुर्चीकडं बघितलं.

"या अल्ला, ही कुणाची गाडी उचलून आणली गे?"

"माझीच आहे," मी म्हटलं.

"तुझी नाही. तुझ्यासारख्या दोघी बसतील यात." तुम्ही जवळ आलात आणि माझ्या मांडीच्या बाजूनं हात घातलात. "इथं दोन बोटं जागा पाहिजे, इथं तर माझा अख्खा पंजा जातोय. म्हणून तू एका अंगावर कलतेस. पाठ दुखते का नाही?"

"दुखते."

"आणि पाय असे लोंबकळतायत." मग तुम्ही यांच्याकडं वळलात. "दत्ताभाऊ, तो पाना द्या."

कात्री, खडू, टेप यांच्यासोबत तुमच्या खणात दहा नंबरचा पाना होता! यांच्याकडून तुम्ही पाय ठेवायचा फूटरेस्ट वर घेऊन कसून घेतलात, आणि माझ्या मांड्या पहिल्यांदा सरळ टेकल्या. मग टेप हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "घरच्या बाथरूमचा दरवाजा किती रुंद आहे?"

सात महिन्यांत आम्ही कधी मोजलाच नव्हता.

"मग आंघोळ कोण घालतं?"

मला एकदम रडू आलं. हे बाहेर जाऊन उभे राहिले. तुम्ही कापड बाजूला सारलंत, पाण्याचा पेला दिलात आणि म्हणालात, "नक्को रो गे. आधी जाऊन दरवाजा मोज."

दरवाजा खुर्चीपेक्षा तीन बोटं अरुंद निघाला. तीनच बोटं! त्यासाठी हे मला सात महिने उचलून आत नेत होते आणि मी डोळे मिटून घेत होते. तुमच्या सांगण्यावरून दार चौकटीसकट काढलं, जाड पडदा लावला, भिंतीला लोखंडी दांडा ठोकला, आत पाठ असलेलं पक्कं स्टूल ठेवलं. खुर्चीवरून स्टुलावर कसं सरकायचं ते तुम्ही स्वतःच्या पलंगावर सरकून दाखवलंत. "आधी ब्रेक. मग खुर्चीचा बाजूचा हात काढ. मग हातावर वजन. घाई केलीस तर खाली, मग मला फोन करू नको."

त्या रविवारी मी एकटीनं आंघोळ केली. बाहेर हे पडद्याला कान लावून उभे. "झालं का? झालं का?" किती वेळा विचारलं असेल! मला बाहेर यावंसंच वाटत नव्हतं. आपा, या एका आंघोळीबद्दल मी तुमचे आभार कधी धड मानले नाहीत. आज मानते.

तेव्हापासून सुरू झाला माझा फोन. दुपारी दीडला तुमचं जेवण व्हायचं आणि मी वेळ साधून लावायचे. काय काय विचारलं असेल मी! ब्रेक लावला तरी खुर्ची सरकते, काय करू? तुम्ही म्हणालात, टायरमधली हवा बघ, हवा कमी असली की ब्रेक पकडत नाही. पुढचं छोटं चाक अडकतंय. "केस निघतील बघ त्यात. माझ्या चाकात तर दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या ब्लाउजचा दोरा निघतो." ओढणी सारखी चाकात जाते. "गाठ मार नाहीतर घरीच ठेव तिला." मे महिन्यात चाकाबाहेरची कडी एवढी तापायची की हात भाजायचे, तर तुम्ही जुन्या जीन्सचे बिनबोटांचे मोजे शिवून पाठवलेत. उतारावरून जाताना भीती वाटते म्हटलं, तर म्हणालात, "पाठमोरी उतर. आणि मागं पिशव्या लटकवू नको, नाहीतर पिशव्यांसकट आभाळ बघशील."

आणि तो प्रश्न, जो मला सगळेच विचारायचे. गल्लीतल्या बायका, माहेरचे, किराणावाला. "कधी बरी होणार गं तू?" मी तुम्हाला विचारलं, काय सांगू यांना?

"सांग, बरी आहे. चालत नाही एवढंच."

पहिल्यांदा मी हे किराणावाल्याला सांगितलं, तेव्हा तो बिचारा एवढा गोंधळला की साखरेऐवजी रवा देऊन बसला!

फोनवर कुठलंही बोलणं चाललेलं असो, मध्येच तुमचा आवाज यायचा, "उचललंस का?" म्हणजे दोन्ही हातांवर जोर देऊन बूड खुर्चीवरून उचलायचं, दर पंधरा मिनिटांनी. आपल्याला बसून बसून दुखत नाही, कळतच नाही, म्हणून कातडी आतल्या आत खराब होते. रोज संध्याकाळी आरशात मागचं अंग बघायचं. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून पांढरा झाला नाही, तर त्या दिवसापासून बसायचं नाही. दांडीचा आरसाही तुम्हीच दिलात. "लग्नाच्या आरशापेक्षा हा महत्त्वाचा," म्हणालात. हे सगळं मला तुम्ही शिकवलंत. तुम्ही!

पूर्वाच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचं आठवतं? ती दुसरीत होती, नाचात मोर झाली होती. "आई, तू येशील ना?" मी नाही म्हटलं. शाळेला सहा पायऱ्या आहेत, सांगितलं. तिनं काही हट्ट केला नाही. मोराचा पिसारा घडी करून ठेवला. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही माझ्यावर केवढ्या चिडलात.

"पायऱ्यांना घाबरतेस की लोकांना?"

"लोकांना," मी म्हटलं. "उचलून नेतील ना आपा. पोत्यासारखी."

"मग तू सांग ना, कसं उचलायचं ते! खुर्ची तुझी, अंग तुझं. तू गप्प बसलीस की ते पोतंच समजणार."

मग तुम्ही फोनवर मला धडाच दिलात. दोघं मागं, दोघं पुढं. बाजूच्या हाताला कुणी धरायचं नाही, तो निघून येतो. खालच्या नळीला धरायचं. तोंड रस्त्याकडं, पाठ पायऱ्यांकडं. मी मान डोलवत होते, पण जायचं काही माझ्या मनात नव्हतं. संमेलनाच्या दिवशी पूर्वा मोराचा मेकअप करून निघाली आणि मला "बाय" म्हणायलाही थांबली नाही. तेव्हा मी यांना म्हटलं, व्हॅन बोलवा.

पायऱ्यांपाशी व्हायचं तेच झालं. चार जण धावले. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. एकानं बाजूच्या हाताला धरून हिसडा दिला आणि तो हात निघून त्याच्या हातात आला! खुर्ची कलली. बायका ओरडल्या. आणि आपा, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडले.

"थांबा! कुणी हात लावू नका! मी सांगते तसं धरा."

सगळे थांबले. खरंच थांबले! मास्तर, शिपाई, दोन पालक. मी एकेकाला सांगितलं, तुम्ही इथं धरा, तुम्ही तिथं. तीन म्हटलं की उचला. आणि ते माझं ऐकत होते. वर गेल्यावर एक आजी म्हणाल्या, "लेकरू लई धीट आहे." मी अडतीस वर्षांचं लेकरू! पूर्वानं स्टेजवरून मला बघितलं आणि नाचाची अर्धी पावलं विसरली. पिसारा हलवत नुसती हसत उभी राहिली. पुढच्या वर्षी शाळेनं पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधला. हेडमास्तरांनी तो कसा हवा हे विचारायला मला बोलावलं, आणि मी तुम्हाला फोन लावला. आठवतं?

पुढं मापाची खुर्ची आली, ग्रामपंचायतीजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आलं. पूर्वा माझ्या मांडीवर बसून बाजारात यायला लागली. हे सगळं तुमच्या त्या एका निरोपामुळं झालं. तुम्ही गादी घेऊन खोळ शिवून दिली असती तर?

आता रागाचं लिहिते. लिहू ना?

यंदाच्या रमजानच्या आधी दोन महिने तुमच्याकडं कामाचा ढीग होता. लग्नसराई आणि ईदचे कपडे एकदम आले होते. दुपारी दीडला फोन केला की तुम्ही म्हणायचात, "आज नको गे, चार सूट बाकी आहेत." मी म्हणायचे, बरं. मग माझा एखादा प्रश्न तरी विचारून घ्यायचेच. तुम्ही घाईघाईत उत्तर द्यायचात आणि ठेवायचात.

मग एका सकाळी भाभींचा फोन. तुम्ही दवाखान्यात. चार दिवसांपासून ताप, आणि खाली मोठी जखम. डॉक्टर म्हणाले, आत हाडापर्यंत गेलीय, विष रक्तात उतरलंय.

मी आले तेव्हा तुम्ही कुशीवर झोपलेल्या होतात. ओठ सुकलेले. मी तुमच्या कानाशी वाकून विचारलं, "आपा, तुम्ही आरशात बघत नव्हता का?"

"बघितलं होतं."

"कधी?"

"महिना झाला गे."

"मग सांगितलं का नाही? मला नाही, भाभींना तरी?"

तुम्ही डोळे मिटलेत. मग हळूच म्हणालात, "कुठल्या तोंडानं सांगू? सगळ्यांना मीच शिकवते ना."

आपा, आपा! असं कुठं असतं का? आम्हाला हवा, नट, नळ्या, दार, पायऱ्या सगळं सांगितलंत आणि स्वतःचं एवढं झाकून ठेवलंत! आम्ही तुम्हाला हसलो असतो का? मी येऊन तुमच्या मशीनवर बसले असते. मला शिवता येत नाही, तरी बसले असते. आठवडाभर पालथ्या झोपला असतात तर चार सूट उशिरा गेले असते, एवढंच झालं असतं. भाभींना अजून वाटतं, त्यांचंच लक्ष नव्हतं. त्यांना हे ओझं तुम्ही का ठेवून गेलात?

पण खरं सांगू? माझा राग तुमच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. चार वर्षांत मी तुम्हाला शेकड्यानं प्रश्न विचारले. एकही तुमच्याबद्दल नव्हता. "उचललंस का?" हे मी तुम्हाला एकदा तरी उलटं विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला सगळं येतं, म्हणजे तुम्हाला काही होत नाही.

चाळीसाव्याला निघताना भाभींनी तुमचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "रोज वाजतो गं. कन्नडहून, पैठणहून, कुठून कुठून. मी आपा गेली म्हणून सांगते तर लोक रडतात. पण त्यांच्या सवालांचं मी काय करू?" मला कळलंच नव्हतं की मी एकटी नव्हते! मला वाटायचं, दुपारी दीडची आपा माझीच. केवढी माणसं आहेत तुमच्या फोनमध्ये, आणि नावं तरी कशी! "पैठण मोठं चाक." "कन्नड ब्रेकवाले काका." मी "चितेगाव रोणारी" म्हणून सेव्ह आहे. चार वर्षांत बदललं नाहीत ना!

तर आता मी उचलते तो फोन. आधी सांगते, आपा नाहीत. मग त्यांना थोडं बोलू देते. मग विचारते, काय अडलंय? मागच्या आठवड्यात पिशोरहून एक आजोबा बोलत होते. पिशोर माझं माहेर, तेव्हा बोलण्यावरूनच गाव ओळखलं. त्यांच्या बायकोला खुर्ची मिळाली, पण ती बसायलाच तयार नाही.

"का नाय बसत, आजोबा?"

"म्हणती, बसले की पुन्हा उठायची नाय मी. तिला वाटतंय खुर्ची घेतली म्हणजे संपलं."

"फोन द्या त्यांना."

आजी फोनवर आल्या. मी माझंच सांगत बसले. गच्ची, सात महिने, तीन बोटांचा दरवाजा, सगळं. मग त्या म्हणाल्या, "तू व्हय खुर्चीवर? आत्ता?" म्हटलं, व्हय आजी, दुकानात बसलेय. "मग दळण आणायला जाता येतं का?" म्हटलं, येतं की. दोन दिवसांनी आजोबांचा पुन्हा फोन आला. आजी अंगणापर्यंत आल्या आणि शेजारणीशी भांडून परत गेल्या. आजोबा एवढे खूश होते!

हे सगळं चाललं होतं आणि फोनच्या नादात मी दुकानात बसून राहत होते. उचलायचं विसरत होते. सोमवारी आरशात डाग दिसला, डाव्या बाजूला, रुपयाएवढा. दाबला. पांढरा झाला नाही.

आपा, मी आरसा उशीखाली ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. मनात आलं, मी लोकांना सांगते आणि मलाच झालं? काय म्हणतील? मंगळवारी दुकान उघडलं. दुपारी घरी भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. तुम्ही दवाखान्यात जे बोललात तेच मी मनातल्या मनात बोलत होते, अगदी त्याच शब्दांत: कुठल्या तोंडानं सांगू? मी सुरी ठेवली आणि यांना कंपनीत फोन केला. "मला डाग पडलाय. घरी या." ते निघालेच. अर्ध्या तासात दारात.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, कातडी फाटलेली नाही. दहा दिवस खुर्ची बंद. म्हणून आज मी पलंगावर पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन हे लिहितेय. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळं. दुकानाला कुलूप आहे आणि दारावर पूर्वानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "आईला डाग पडला आहे. दहा दिवसांनी या." अख्ख्या चितेगावला कळलंय! मी आधी लाजले, मग म्हटलं राहू दे. दोन ग्राहक घराच्या खिडकीतून विचारूनही गेले, आता कसं आहे म्हणून.

आता तुम्हाला शब्द देते. अंगावर काही आलं तर मी लपवणार नाही, कितीही जणांना शिकवत असले तरी. आणि जो कुणी मला काही शिकवील, मदत करील, खुर्चीवरचा असो की पायांवरचा, त्याला मी माझं विचारून झाल्यावर त्याचं विचारीन. "ठीक आहे" म्हणून त्यानं टाळलं, तर पुन्हा विचारीन. उद्या दुपारी भाभींना फोन करणार आहे. त्यांना जेवण जातंय का, झोप लागते का, हे मी अजून एकदाही विचारलेलं नाही.

तुमची,
संगीता